परक्यांना धर्मशाळा, घरच्यांना झोपडी

आज आषाढी एकादशी. ज्यांना पंढरीची वाट घडली नाही, असे मुंबईकर भाविक पहाटेपासून वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात रांगेने उभे असतील. तेथून परळचे टाटा रुग्णालय काही फार दूर नाही. त्याच्या आसपास पदपथावर गावोगावचे कर्करोगी व त्यांचे नातलग अंथरूण टाकून असतात. उपचार मिळतो, परंतु तो आठवडेच्या आठवडे चालतो, आणि तोवर निजावे कोठे हा प्रश्न उरतो. अशा अनोळखी माणसांची चिंता जन्मभर वाहणाऱ्या श्रीगाडगेमहाराजांचे आज स्मरण करू.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील मद्यापायी अकाली गेले. माता सखुबाई मुलाला घेऊन दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे मामाची गुरे राखीत, शेत कसत डेबूजी वाढले. कुंताबाईंशी विवाह झाला, मुलेबाळे झाली. पुढे १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि जेवणाखाण्याला मातीचे फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार राहिला.

ज्या गावी जात ते गाव दिवसा झाडीत, रात्री तेथेच कीर्तन करीत. प्रस्तुत लेखकही कीर्तनकारच आहे. नारळ आणि शेला स्वीकारून घरी परतणारा. महाराज कोणाला पायाही पडू देत नसत. लोकांनी दिलेला पैसा घाटांना, सदावर्तांना, धर्मशाळांना लागे. पंढरपुरात ते वाळवंट झाडीत. राउळात मात्र जात नसत. तेथे अस्पृश्य गणल्या गेलेल्या वारकऱ्यांना टेकायला जागा नव्हती. त्यांच्यासाठी महाराजांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली, आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

आता घरच्यांकडे पाहू. ज्याने सहस्रावधी परक्यांना छप्पर दिले, त्याची माता, पत्नी आणि लेकी झोपडीत राहिल्या. धर्मशाळेत त्यांना खोली नव्हती, संस्थांच्या मिळकतीवर आपल्या नात्यागोत्याचा हक्क नाही, असा त्यांचा दंडक होता. परक्याला घरच्यासारखे वागवावे, असे आपण सहज म्हणतो. महाराजांनी घरच्यांना परक्यांच्या ओळीत बसविले; किंबहुना त्या ओळीच्याही शेवटी. हे वाचताना संसारी माणसाचे मन चरकते, आणि चरकलेच पाहिजे. कारण या व्रताचा अर्धा भार कुंताबाईंनी वाहिला. त्यांच्या नावाने उत्सव होत नाहीत.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता पुत्र गोविंद निवर्तल्याची वार्ता आली. महाराजांनी कीर्तन थांबविले नाही. ते कठोर होते की समोरच्या श्रोत्यांतही त्यांना आपली लेकरेच दिसत होती, याचा निर्णय वाचकांनी करावा. मला त्या रात्रीविषयी लिहिताना अद्याप धीर होत नाही.

मुंबईचे व्यंग त्यांनी नेमके ओळखले. रुग्णाला रुग्णालयात खाट मिळते. त्याच्याबरोबर खेड्यातून आलेली आई किंवा पत्नी मात्र रस्त्यावर पडते. म्हणून भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाच्या आवारात त्यांच्या हयातीतच रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. त्यांच्या पश्चात दादरलाही त्यांच्या नावाची धर्मशाळा उभी राहिली. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे दूरदूरचे रुग्ण व त्यांचे सोबती तेथे अल्प दरात राहतात. विदर्भातला शेतकरी, बिहारची माता, बंगालचा तरुण. भाषा निराळी, देव निराळे, दुखणे एकच.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात महाराजांनी केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. ते त्यांचे अखेरचे. प्रकृती ढासळली होती. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. इतक्या धर्मशाळा बांधल्या. शेवटचा श्वास मात्र रस्त्यावर, मोटारीत गेला.