इन्का गार्सिलासो दे ला वेगा

इन्का गार्सिलासो दे ला वेगा (१२ एप्रिल १५३९, कुस्को – एप्रिल १६१६, कोर्दोबा) हे पेरूमध्ये जन्मलेले व स्पेनमध्ये लेखन केलेले इतिहासकार होते. त्यांची आई इन्का राजघराण्यातील, तर वडील स्पॅनिश सरदार होते. इन्का लोक दोऱ्यांना गाठी मारून हिशेब ठेवत. या नोंदींना किपू म्हणतात. किपू स्वतः वाचता येणाऱ्या आणि त्यांची रीत स्पॅनिशमध्ये लिहून ठेवणाऱ्या मोजक्या व्यक्तींत गार्सिलासो यांचा समावेश होतो.

बालपण

स्पॅनिश सैन्याने १५३३ मध्ये इन्कांची राजधानी कुस्को ताब्यात घेतली. त्यानंतर सहा वर्षांनी गार्सिलासो यांचा जन्म झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांचे नाव गोमेस स्वारेस दे फिगेरोआ असे ठेवण्यात आले. त्यांची आई चिंपू ओक्यो ही सम्राट वाय्ना कापाक यांची पुतणी होती. वडील कॅप्टन सेबास्तियान गार्सिलासो यांनी तिच्याशी विवाह केला नाही. पुढे त्यांनी एका स्पॅनिश स्त्रीशी लग्न केले. मुलाची मातृभाषा केचुआ होती. आईकडील वृद्ध नातेवाईक घरी जमून गेलेल्या राज्याच्या कथा सांगत, त्या त्याने लहानपणीच ऐकल्या. त्याच काळात त्याचे स्पॅनिश व लॅटिनचे शिक्षणही सुरू होते.

किपूंशी परिचय

स्पॅनिश जमीनदारांना स्थानिक प्रजेकडून खंडणी मिळत असे. ती भरण्यासाठी गावप्रमुख सेंट जॉनच्या सणाला आणि नाताळला कुस्कोत येत. स्पॅनिश लोकांचा हिशेब कागदावर असे, तर गावप्रमुखांचा दोऱ्यांवर. कागदावर काय लिहिले आहे हे गावप्रमुखांना कळत नसे आणि स्पॅनिश लोकांच्या तोंडी सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यामुळे ते गार्सिलासो यांच्या आईला विनंती करून मुलाला बोलावून घेत. तो कागद वाचून त्यातील आकडे गाठींशी ताडून पाही व दोन्ही जुळत असल्याची खात्री करून देई. या कामातूनच तो किपू वाचण्यास शिकला.

स्पेनमधील आयुष्य

वडिलांचे १५५९ मध्ये निधन झाले. शिक्षणासाठी त्यांनी ठेवलेली रक्कम घेऊन गार्सिलासो १५६० मध्ये स्पेनला गेले. वडिलांच्या सेवेचा मोबदला मिळावा म्हणून त्यांनी राजदरबारी अर्ज केला. मात्र वारिना येथील लढाईत वडिलांनी बंडखोर गोन्सालो पिसारो याला आपला घोडा दिल्याचा आरोप पुढे करून तो फेटाळण्यात आला. यानंतर ते मोंतिया येथे काकांच्या आश्रयाने राहिले. याच काळात त्यांनी वडिलांचे नाव धारण केले. पुढे त्यांनी त्याला इन्का ही उपाधी जोडली. अल्पुहारास भागातील मोरिस्कोंच्या बंडाविरुद्धच्या मोहिमेत ते कॅप्टन होते. १५९१ च्या सुमारास ते कोर्दोबा येथे स्थायिक झाले. ते पेरूला पुन्हा कधीही परतले नाहीत.

लेखन आणि किपूंचे वर्णन

लेऑन एब्रेओ यांच्या प्रेमविषयक संवादांचा त्यांनी इटालियनमधून केलेला अनुवाद १५९० मध्ये, तर फ्लोरिडातील मोहिमेचा इतिहास १६०५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘कोमेंतारिओस रेआलेस’ हा इन्कांचा इतिहास १६०९ मध्ये लिस्बन येथे छापला गेला. त्याच्या सहाव्या भागात किपूंची माहिती आहे.

या वर्णनानुसार दोऱ्यांच्या रंगावरून नोंदीचा विषय ओळखता येई: पिवळा सोन्यासाठी, पांढरा चांदीसाठी आणि लाल सैनिकांसाठी. गाठी दशमान पद्धतीने मारल्या जात. मोठ्या स्थानाच्या गाठी दोरीच्या वरच्या भागात, तर एकक तळाशी असे. लोकसंख्या मोजताना साठीपलीकडच्या वृद्धांपासून तान्ह्या मुलांपर्यंत वयोगटानुसार वेगवेगळ्या दोऱ्या असत. हे काम करणाऱ्यांना किपुकामायोक म्हणत. लहान गावातही ते किमान चार असत व सर्वजण तीच नोंद स्वतंत्रपणे ठेवत, त्यामुळे लबाडीला वाव राहत नसे.

गाठी संख्या सांगतात, शब्द नव्हे, असे गार्सिलासो यांचे मत होते. लढाईत किती माणसे होती हे किपूवरून कळे; दूत काय बोलला हे मात्र पाठांतराने जपावे लागे. तरीही हा ग्रंथ लिहिताना त्यांनी पेरूतील जुन्या सहाध्यायांना पत्रे पाठवून त्यांच्या आईकडील प्रांतांचा इतिहास मागवला. प्रत्येक प्रांत आपला वृत्तान्त गाठींत व परंपरेत जपून ठेवतो, हे त्याचे कारण त्यांनी नोंदवले आहे. या दोन विधानांतील अंतरामुळे किपूंमध्ये आकड्यांपलीकडे काही होते का, हा प्रश्न त्यांच्याच ग्रंथात उभा राहतो.

मृत्यू आणि नंतरचा काळ

१५८३ मध्ये लीमा येथील धर्मसभेने मूर्तिपूजेशी संबंधित किपू जाळण्याचा आदेश दिला होता. पुढे किपू वाचण्याची परंपरा क्षीण होत गेली. गार्सिलासो यांचे १६१६ मध्ये कोर्दोबा येथे निधन झाले व तेथील कॅथेड्रलमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या इतिहासाचा दुसरा भाग १६१७ मध्ये निघाला. १७८०-८१ मधील तुपाक आमारू दुसरा याच्या उठावानंतर स्पॅनिश शासनाने ‘कोमेंतारिओस रेआलेस’वर बंदी घातली.

१९१२ मध्ये न्यूयॉर्कमधील गणिताचे शिक्षक लेलँड लॉक यांनी संग्रहालयातील किपूंचा अभ्यास करून त्यांतील दशमान रचना सिद्ध केली. काही किपूंत एका दोरीवरील संख्या इतर दोऱ्यांवरील संख्यांची बेरीज असल्याचे त्यांनी दाखवले. गाठींची जी मांडणी गार्सिलासो यांनी तीन शतकांपूर्वी लिहून ठेवली होती, तीच येथे प्रत्यक्ष आढळली. मात्र या रीतीत न बसणारे अनेक किपू आजही वाचता आलेले नाहीत.

१९७८ मध्ये गार्सिलासो यांच्या अस्थींचा काही भाग कुस्कोला आणण्यात आला. तो तेथील एल त्रिउन्फो चर्चमध्ये ठेवलेला आहे.