एलिझाबेथ ग्लेझर

एलिझाबेथ ग्लेझर (जन्म : ११ नोव्हेंबर १९४७, न्यू यॉर्क, मृत्यू : ३ डिसेंबर १९९४, सँटा मोनिका, कॅलिफोर्निया) या बालकांमधील एचआयव्ही-संसर्गावरील संशोधनाला व उपचारांना चालना देणाऱ्या अमेरिकन कार्यकर्त्या होत्या. त्या व्यवसायाने शिक्षिका होत्या. वैद्यकशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. तरीही एड्सवरील औषधे लहान मुलांपर्यंत पोहोचण्यास विलंब का होतो, हा प्रश्न अमेरिकेच्या शासनापुढे व संशोधकांपुढे आग्रहाने मांडणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांनी दोन मैत्रिणींच्या साहाय्याने १९८८ मध्ये स्थापन केलेली ‘पेडिॲट्रिक एड्स फाउंडेशन’ ही संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

सुरुवातीचे जीवन

त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ मेयर. त्यांचे बालपण न्यू यॉर्क राज्यात गेले. विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर त्यांनी बॉस्टन विद्यापीठातून बालशिक्षण या विषयात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. पुढे त्या कॅलिफोर्नियात आल्या. तेथे त्यांनी अध्यापन केले आणि लॉस एंजेलिसमधील मुलांच्या संग्रहालयातही काम केले. मुलांशी बोलण्याची आणि मुलांविषयी मोठ्यांशी बोलण्याची त्यांची हातोटी या काळात घडली असावी. १९८० मध्ये त्यांचा विवाह अभिनेते व दिग्दर्शक पॉल मायकेल ग्लेझर यांच्याशी झाला. ‘स्टार्स्की अँड हच’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे पॉल ग्लेझर त्या वेळी घराघरांत परिचित होते.

संसर्ग

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सविषयीची ही पहिली छापील नोंद मानली जाते. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, ४ ऑगस्ट १९८१ रोजी, त्याच शहरात एलिझाबेथ यांना कन्या झाली. तिचे नाव एरियल. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झाल्यामुळे एलिझाबेथ यांना सात पाइंट रक्त द्यावे लागले. या रक्तातून एचआयव्ही त्यांच्या शरीरात आला. तेव्हा या विषाणूचा शोधही लागलेला नव्हता. दात्यांचे रक्त तपासण्याची चाचणी अमेरिकेत १९८५ मध्ये उपलब्ध झाली. त्यामुळे या घटनेत कोणाचा निष्काळजीपणा शोधणे योग्य होणार नाही.

एरियलला संसर्ग झाला तो आईच्या अंगावरच्या दुधातून. १९८४ मध्ये जन्मलेल्या जेक या मुलाला तो जन्मापूर्वीच झाला. १९८५ पासून एरियल सतत आजारी पडू लागली. निदान मात्र पुढील वर्षी झाले. त्यानंतर कुटुंबातील सर्वांची तपासणी करण्यात आली, तेव्हा पॉल वगळता तिघांच्या रक्तात विषाणू असल्याचे आढळले.

बालवैद्यकाची तत्कालीन स्थिती

मुलांमधील प्रतिकारशक्तीचे विकार वैद्यकाला अपरिचित नव्हते. ऑग्डन ब्रूटन या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी १९५२ मध्ये एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली होती. त्या मुलाला वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होत असे आणि त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन हा घटक जवळजवळ नव्हताच. तो घटक बाहेरून टोचल्यावर मुलाची प्रकृती सुधारली. तेव्हापासून जन्मजात प्रतिकारशक्ती-न्यूनतेचा अभ्यास ही बालवैद्यकाची स्वतंत्र शाखा बनत गेली होती. १९८० च्या सुमारास न्यूअर्क, न्यू यॉर्कचा ब्राँक्स भाग आणि सॅन फ्रान्सिस्को येथे याच शाखेतील डॉक्टरांना काही वेगळी बालके दिसू लागली. त्यांचा विकार जन्मजात प्रकारांत नीट बसत नव्हता आणि पुष्कळदा त्यांच्या माताही आजारी होत्या. जेम्स ओलेस्की, आर्ये रुबिनस्टाइन व आर्थर अम्मान यांनी हा मुलांमधील एड्स असल्याचे मत मांडले. हा आजार प्रौढ पुरुषांचाच आहे, असा समज त्या वेळी रूढ असल्यामुळे या मताकडे सुरुवातीला संशयाने पाहिले गेले. ओलेस्की व रुबिनस्टाइन यांचे निबंध मे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

मुलांच्या बाबतीत आणखी काही अडचणी होत्या. नेहमीची एचआयव्ही चाचणी विषाणू शोधत नाही, तर त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे शोधते. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात सुमारे दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे निरोगी अर्भकाची चाचणीही सदोष वाटे. प्रौढांना जो आजार अनेक वर्षांनी गाठतो, तो काही बालकांना पहिल्या वर्षभरातच गाठत असे. मुलांच्या मेंदूवर विषाणूचा परिणाम विशेष होई आणि चालणे, बोलणे यांसारखी आत्मसात झालेली कौशल्येही मूल गमावून बसे.

मार्च १९८७ मध्ये एझेडटी (झिडोव्ह्युडिन) या एड्सवरील पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ही मान्यता केवळ प्रौढांसाठी होती. मुलांवर चाचण्या पूर्ण झालेल्या नसल्याने मात्रा ठरलेली नव्हती. नवे औषध आधी प्रौढांवर तपासायचे आणि मुलांचा विचार सवडीने करायचा, ही पद्धत मुलांच्या संरक्षणासाठीच पडली होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या आजारात मुलाच्या हाती वर्षे नसून महिने असतात, तेथे हे संरक्षण मुलाच्याच मुळावर येते.

एरियलचा मृत्यू

ग्लेझर दांपत्याची अवस्था नेमकी हीच झाली. औषध अस्तित्वात होते, पण ते आपल्या मुलीला मिळत नव्हते. १९८८ च्या वसंत ऋतूपर्यंत एरियलचे चालणे-बोलणे थांबले होते. राष्ट्रीय कर्करोग संस्थेत फिलिप पिझ्झो व त्यांचे सहकारी मुलांना एझेडटी शिरेतून अखंड देण्याचा प्रयोग करत होते. अशा उपचाराने मुलांची बौद्धिक स्थिती सुधारते, असे त्यांना आढळले. बऱ्याच खटपटीनंतर एरियललाही हे औषध शिरेतून देण्यात आले आणि ती पुन्हा बोलू लागली. परंतु तोवर शरीर फार खंगले होते. १२ ऑगस्ट १९८८ रोजी, वयाच्या सातव्या वर्षी, तिचे निधन झाले. मुलांच्या औषधाला विलंब का होतो, या एलिझाबेथ यांच्या पुढील सर्व प्रश्नामागे ते थोडक्या दिवसांचे परतलेले बोलणे होते.

संस्थेची स्थापना व कार्य

एलिझाबेथ यांनी सुझी झीगेन व सुझन डीलॉरेंटिस या दोन मैत्रिणींसह १९८८ मध्ये पेडिॲट्रिक एड्स फाउंडेशनची स्थापना केली. तिघींपैकी कोणालाही वैद्यकीय संशोधनाचा वा मोठा निधी उभारण्याचा अनुभव नव्हता. देणग्या गोळा करून बालकांमधील एचआयव्हीवरील मूलभूत संशोधनाला थेट अर्थसाहाय्य द्यायचे, असे त्यांनी ठरवले. निरनिराळ्या शाखांच्या संशोधकांना एकत्र बसवून कोणते प्रश्न अनुत्तरित आहेत याची चर्चा घडवून आणणे, ही संस्थेची एक उपयुक्त प्रथा ठरली. मातेकडून बाळाकडे संसर्ग केव्हा व कसा जातो, याच्या अभ्यासासाठी संस्थेने हाती घेतलेल्या प्रकल्पाला एरियलचे नाव देण्यात आले. वर उल्लेखिलेले आर्थर अम्मान यांनी पुढे या संस्थेच्या संशोधनकार्यात प्रमुख भूमिका बजावली.

राजकीय पातळीवर त्यांनी दोन्ही पक्षांशी संपर्क ठेवला. १९८८ मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन व नॅन्सी रेगन यांना भेटल्या. भेटीत सहानुभूती मिळाली, पण धोरणात अपेक्षित बदल झाला नाही, याची खंत त्यांनी पुढे व्यक्त केली. पदावरून उतरल्यावर १९९० मध्ये रेगन यांनी संस्थेसाठी एका जनजागृतीपर चित्रफितीत सहभाग घेतला.

आपल्या कुटुंबाचा आजार त्यांनी प्रारंभी गुप्त ठेवला होता. जवळच्या काही मंडळींना सांगितल्यावर त्यांच्यापैकी काहींनी संबंध तोडले होते. इंडियानातील रायन व्हाइट या मुलाला एड्समुळे शाळेत प्रवेश नाकारला गेल्याची घटना तेव्हा ताजी होती, हे ध्यानात घेतल्यास ही गुप्तता समजण्यासारखी आहे. ऑगस्ट १९८९ मध्ये एक सनसनाटी साप्ताहिक ही बातमी छापण्याच्या बेतात असल्याचे कळल्यावर दांपत्याने ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या दैनिकातून स्वतःच सर्व हकिकत जाहीर केली. १९९१ मध्ये लॉरा पामर यांच्या साहाय्याने लिहिलेले ‘इन द ॲब्सेन्स ऑफ एंजल्स’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले.

१४ जुलै १९९२ रोजी न्यू यॉर्क येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी केलेले भाषण विशेष गाजले. एका प्रसिद्ध व सधन कुटुंबाच्या दुःखाकडे जेवढे लक्ष गेले, तेवढे गरीब कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन वंशाच्या मुलांकडे गेले नव्हते. वस्तुतः अमेरिकेतील बहुसंख्य बाधित मुले याच समाजांतील होती. ही विषमता एलिझाबेथ यांनी नाकारली नाही. ज्या सुविधा आपल्याला मिळाल्या त्या इतरांना मिळत नाहीत, हे त्यांनी त्याच भाषणात सांगितले.

औषधांतील प्रगती

मे १९९० मध्ये एझेडटीला मुलांसाठी मान्यता मिळाली. प्रौढांच्या मान्यतेनंतर तीन वर्षांहून अधिक काळ गेला होता.

त्याहून महत्त्वाचा टप्पा फेब्रुवारी १९९४ मध्ये आला. ‘एसीटीजी ०७६’ या चाचणीत गरोदर स्त्रियांना गर्भारपणात व प्रसूतीच्या वेळी आणि नवजात बालकाला पहिले सहा आठवडे एझेडटी देण्यात आले. औषध न मिळालेल्या गटात २५.५ टक्के बालकांना संसर्ग झाला, तर औषध मिळालेल्या गटात ८.३ टक्के बालकांना झाला. हा फरक इतका स्पष्ट होता की नव्या स्त्रियांना चाचणीत घेणे थांबवण्यात आले. ही चाचणी अमेरिकी शासनाच्या निधीतून झाली होती. तिचे श्रेय एलिझाबेथ यांना देण्याचा मोह काही लेखांत दिसतो, तो टाळलेला बरा. मातेकडून बाळाला होणारा संसर्ग हा संशोधनाचा अग्रक्रमाचा विषय व्हावा, यासाठी त्यांच्या संस्थेने सातत्याने पाठपुरावा केला होता, एवढे मात्र निश्चित. हा निष्कर्ष त्यांना हयातीत पाहता आला.

मृत्यू व त्यानंतर

३ डिसेंबर १९९४ रोजी सँटा मोनिका येथील राहत्या घरी एड्समुळे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४७ वर्षे होते. या आजाराला दीर्घकाळ रोखणारे संयुक्त औषधोपचार त्यानंतर सुमारे दीड वर्षाने प्रचारात आले. जेक प्रौढ झाला व संस्थेच्या कार्यात सहभागी झाला.

मृत्यूनंतर संस्थेला ‘एलिझाबेथ ग्लेझर पेडिॲट्रिक एड्स फाउंडेशन’ हे नाव देण्यात आले. संस्थेच्या कामाचा भर पुढे आफ्रिकेतील देशांकडे वळला. औषधकंपन्यांना मुलांवरील चाचण्यांसाठी उत्तेजन देणारा कायदा अमेरिकेत २००२ मध्ये आणि ठराविक औषधांसाठी अशा चाचण्या बंधनकारक करणारा कायदा २००३ मध्ये झाला. दोन्हींसाठी आग्रह धरणाऱ्यांत ही संस्था होती. तथापि अंतर पूर्णपणे मिटले नाही. डोलुटेग्राव्हिर या प्रभावी औषधाला अमेरिकेत प्रौढांसाठी २०१३ मध्ये मान्यता मिळाली. चार आठवड्यांच्या बाळापासून देता येणारी, पाण्यात विरघळणारी त्याची गोळी मान्य होण्यास जून २०२० उजाडला.