आधी जमीन बघणारा वैमानिक

विमान आकाशात पडतं, असा आपला समज. जुन्या काळची लहान विमानं मोडायची ती बहुधा जमिनीशी गाठ पडताना. चाक चिखलात रुतलं की नाक खाली, शेपूट वर आणि पंख्याचे तुकडे. जे. आर. डी. टाटांना हे पुरेपूर ठाऊक होतं.

पंधराव्या वर्षी फ्रान्समध्ये ते पहिल्यांदा विमानात बसले आणि वेड लागलं. 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतातला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांना मिळाला. पुढच्याच वर्षी आगाखान पारितोषिकासाठी ते एकटे कराचीहून लंडनकडे निघाले. उलट दिशेने येणारे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर इजिप्तमध्ये अबूकीरच्या तळावर स्पार्क प्लगवाचून अडकले होते. जेआरडींनी आपल्याकडचा दिला. शर्यत अस्पींनी जिंकली!

15 ऑक्टोबर 1932 रोजी ते टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. पुढे मुंबई. विमानात रेडिओ नाही आणि जुहूचा तळ म्हणजे समुद्रालगतची चिखलवट. पावसाळ्यात तीही पाण्याखाली जाई. मग विमानं पुण्याला येरवड्याच्या मैदानावर न्यायची.

असा हा धाडसी माणूस स्वातंत्र्यानंतर एका गोष्टीला मात्र अडून बसला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात भेटतील, टपालाच्या पिशव्या बदलून पहाटेपर्यंत परततील, अशी दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांची योजना होती. आधी विमानतळांवर रात्री उतरण्याची साधनं बसवा, असं जेआरडींचं म्हणणं. किडवाई थांबले नाहीत. जानेवारी 1949 मध्ये दुसऱ्या कंपनीने काम सुरू केलं.

ती सेवा पुढे बरीच वर्षं चालली. आर्वीत आमच्या लहानपणी रात्री आकाशात घरघर झाली की आजी म्हणायची, डाक चालली. मग जेआरडींनी उगाच बाऊ केला का? 12 डिसेंबर 1953 रोजी नागपूरहून उडालेलं विमान लगेच कोसळून 13 माणसं गेली. पण ते उडताना पडलं, उतरताना नव्हे. तो पुरावा इथे लावणं बरोबर नाही. तरीही मी जेआरडींच्या बाजूचा. बँकेत उभी हयात गेली. तारण न बघता कर्ज मंजूर करणारा साहेब किती लोकप्रिय असतो आणि वसुलीला उन्हातान्हात कुणाला हिंडावं लागतं, हे पाहिलंय. इथे तर वसुली अंधारात विमान उतरवणाऱ्याकडून होणार होती.

15 ऑक्टोबर 1982 रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेआरडी लेपर्ड मॉथ जातीचं छोटं विमान घेऊन पुन्हा कराचीहून एकटे निघाले आणि जुहूला उतरले. या खेपेला खाली पक्की धावपट्टी होती.