चेहऱ्याकडे न बघणारी मुलं आणि डॉ. लिओ कॅनर

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द आज आपल्याला माहीत आहे. पण ही अवस्था बालपणापासूनच असते, आणि ती इतर आजारांहून वेगळी आहे, हे नीट मांडणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी एक होते लिओ कॅनर.

त्यांचा जन्म १८९४ साली क्लेकोतूव या खेड्यात एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आता युक्रेनमध्ये आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे, तरुणपणी त्यांना कवी व्हायचं होतं! कविता काही छापून आल्या नाहीत. मग बर्लिनला वैद्यकीचं शिक्षण झालं आणि १९२४ मध्ये ते अमेरिकेला गेले. १९३० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी मुलांसाठी मानसोपचाराचा विभाग सुरू केला.

१९३८ मध्ये मिसिसिपीहून पाच वर्षांच्या डोनाल्डला त्यांच्याकडे आणलं. त्याआधी वडिलांनी मुलाबद्दल तेहतीस पानांचं पत्र पाठवलं होतं. मुलाची स्मरणशक्ती अफाट, पण घरात कोण आलं, कोण गेलं, याचं त्याला काहीच नाही. अशी अकरा मुलं कॅनर यांनी पाहिली, आठ मुलगे आणि तीन मुली, आणि १९४३ साली त्यांच्यावर लेख लिहिला.

त्यातली निरीक्षणं साधीच आहेत. एका मुलाला टाचणी टोचली. तो टाचणीला घाबरला, पण ती टोचणाऱ्या माणसाला घाबरला नाही. माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा माणसांची चित्रं या मुलांना जवळची वाटत. कॅनर यांच्या मते कारण सरळ होतं: चित्र आपल्या कामात मध्येमध्ये करत नाही.

मुलांना इतकं बारकाईने बघणारे कॅनर आईवडिलांच्या बाबतीत मात्र चुकले. ही अवस्था जन्मजात असावी, असं त्यांनी त्याच लेखात म्हटलं होतं. तरी या मुलांचे पालक थंड स्वभावाचे आहेत, असंही ते लिहीत गेले. १९४९ मध्ये तर त्यांनी अशा घरांची तुलना फ्रिजशी केली. पुढे इतरांनी ती कल्पना आणखी ताणली. कितीतरी आयांनी आपल्यामुळेच मूल असं झालं, हा दोष वर्षानुवर्षं डोक्यावर वागवला. दमलेल्या, घाबरलेल्या आईचा चेहरा थंड दिसू शकतो, हे कोणी लक्षात घेतलं नाही.

१९६९ मध्ये पालकांच्याच सभेत उभं राहून कॅनर यांनी त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. उशीर झाला होता, पण केलं. १९८१ मध्ये ते वारले.

नंतर २००२ मध्ये, डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रावर केलेला एक अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सिनेमातली दृश्यं बघताना त्यातल्या स्वमग्न तरुणांची नजर माणसांच्या डोळ्यांकडे कमी जात होती, तोंडाकडे आणि वस्तूंकडे जास्त. अनेक स्वमग्न माणसं सांगतात, की डोळ्यांत बघत ऐकणं जड जातं, नजर बाजूला असली की बोलणं नीट ऐकू येतं.

आपल्याकडे शाळेत, घरात सर्रास म्हणतात, माझ्याकडे बघून बोल. मित्रांनो, एखादं मूल बघत नसेल, तर त्याची हनुवटी धरून वर करण्याआधी एवढं आठवूया. ते ऐकत असेल. आणि त्याच्या आईकडे बघून लगेच निकाल देऊ नका.