विश्लेषण : होमी भाभांनी काचेच्या नळ्यांचा संगणक का बांधून घेतला?

हरिहरेश्वरच्या ज्येष्ठांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरवल्यावर आवाज यायला थोडा वेळ लागे, कारण आतल्या काचेच्या नळ्या आधी तापाव्या लागत. अशाच नळ्या जोडून मुंबईत भारतीय बनावटीचा संगणक उभा राहिला. त्यामागचे नाव होते डॉ. होमी भाभा.

भाभा कोण होते?

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या पारशी कुटुंबात जन्म. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि अभियांत्रिकीनंतर भौतिकशास्त्राकडे वळले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) स्थापन केली.

नळ्यांचे काम काय?

निर्वात नळीतील तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात. त्यांचा प्रवाह कमीजास्त करून क्षीण संदेश मोठा करता येतो किंवा चालू-बंद करता येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या नळ्या बोटाएवढ्या झाल्या. पण १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. तो न तापवता चालतो आणि वीजही कमी खातो.

मग नळ्याच का?

टीआयएफआरमध्ये १९५०च्या दशकाच्या मध्यावर संगणकाचे काम सुरू झाले, तेव्हा ट्रान्झिस्टर नवा होता आणि नळ्यांचे तंत्र हाताखालचे होते. आर. नरसिंहन यांच्या गटाने आधी छोटे प्रायोगिक यंत्र केले. १९६० मध्ये पूर्ण यंत्र चालू झाले. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या. स्मृती होती अवघी २,०४८ शब्दांची. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले.

मेहनत वाया गेली का?

यंत्र तयार होईपर्यंत जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते. १९६४ मध्ये टीआयएफआरनेच ट्रान्झिस्टरवर चालणारा अमेरिकी ‘सीडीसी ३६००’ आणला. टिफ्रॅक जुना ठरला, पण संगणक घडवू शकणारी माणसे तयार झाली होती.

पुढे काय झाले?

१९६३ मध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली. देशाने हे सामान स्वतः बनवावे, असा तिचा रोख होता. पण २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराजवळ एअर इंडियाचे विमान कोसळले आणि भाभांचा मृत्यू झाला. ते ५६ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी हैदराबादला सरकारी ‘ईसीआयएल’ कंपनी स्थापन झाली आणि तिने पुढे देशी संगणकही बनवले. ते पाहायला भाभा नव्हते.