विश्लेषण : शब्दकोशकाराचीच वाचा गेली तेव्हा… वयस्कांमधील ‘स्पीच अ‍ॅप्रॅक्सिया’ कसा ओळखायचा?

मनात वाक्य तयार आहे, समोरच्याचे सगळे समजते आहे, पण जिभेला वळणच सापडत नाही. पक्षाघातानंतर अनेक ज्येष्ठांची अशी अवस्था होते आणि घरातले समजतात, यांना आता काही कळत नाही. हा समज किती चुकीचा असतो, हे इंग्रजी शब्दकोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या आयुष्यातील एका रात्रीवरून दिसते.

कोण होते जॉन्सन?

१८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडमधील लिचफिल्ड गावी एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डला गेले, पण पैसे संपल्याने वर्षभरातच पदवीविना परतावे लागले. १७३७ मध्ये ते नशीब काढायला लंडनला आले. १७४६ मध्ये शब्दकोशाचा करार झाला. मोजक्या मदतनिसांना हाताशी धरून त्यांनी सुमारे ४२ हजार शब्दांचा कोश १७५५ मध्ये पूर्ण केला. मात्र लंडनमध्ये त्यांचा दरारा होता तो बोलण्याचा. जेम्स बॉस्वेल यांनी लिहिलेले त्यांचे गाजलेले चरित्र बरेचसे त्यांच्या संभाषणांवरच उभे आहे. अशा माणसाची वाचा जाणे म्हणजे गवयाचा गळा जाण्यासारखेच.

त्या रात्री काय घडले?

१६ जून १७८३. जॉन्सन ७३ वर्षांचे होते. दिवसा चित्रासाठी बैठक दिली, बरेच अंतर पायी चालले, संध्याकाळी तब्येत हलकी वाटत होती. पहाटे तीनच्या सुमारास जाग आली आणि अर्धा मिनिट डोक्यात गोंधळ माजला. शरीराचे काहीही होवो, बुद्धी तेवढी राहू दे, अशी त्यांनी प्रार्थना केली. तीही लॅटिन पद्यात, स्वतःची परीक्षा म्हणून! ओळी फारशा चांगल्या जमल्या नाहीत. पण त्या चांगल्या नाहीत हे आपल्याला कळते आहे, म्हणजे डोके शाबूत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग लक्षात आले, की बोलताच येत नाही.

जीभ सैल व्हावी म्हणून वाइन घेतली, अंगाला जोरजोरात हालचाल दिली. उपयोग होईना, तेव्हा ते पुन्हा झोपले. उजाडल्यावर चिठ्ठी लिहायला घेतली, तर हात मधूनच भलतीच अक्षरे काढू लागला. नोकर आला आणि बोलतच राहिला. मालक तोंडाने सांगायचे सोडून हातात कागद का देताहेत, हे त्याला उमगेना. वाचा गेलेल्या माणसाच्या घरात आजही नेमके हेच होते.

हा अ‍ॅप्रॅक्सियाच होता का?

बोलण्यातले अडथळे मुख्यतः तीन प्रकारचे. शब्दच आठवत नाहीत किंवा समजत नाहीत, तो वाचाघात म्हणजे अफेझिया. ओठ-जिभेचे स्नायू दुबळे होऊन उच्चार बोजड होतो, तो डिसार्थ्रिया. स्नायूंत ताकद आहे, शब्दही ठाऊक आहे, पण मेंदूला उच्चाराच्या हालचालींची जुळणी करता येत नाही, तो स्पीच अ‍ॅप्रॅक्सिया. ही संज्ञा १९६० च्या दशकात अमेरिकेतील फ्रेडरिक डार्ली यांनी रूढ केली. हे तिन्ही अनेकदा एकत्र आढळतात. जॉन्सन यांच्या लिखाणातल्या चुका पाहता थोडा अफेझियाही असावा. तेव्हा अडीचशे वर्षांपूर्वीच्या रुग्णावर एकच शिक्का मारू नये हे बरे.

दोन दिवसांनी त्यांना येशूची रोजची प्रार्थना बऱ्यापैकी स्पष्ट म्हणता आली. हा धागा महत्त्वाचा आहे. अ‍ॅप्रॅक्सियात पाठ असलेले बोलणे सहसा आधी परतते. आजोबा ‘शुभं करोति’ म्हणतात किंवा एक ते दहा आकडे मोजतात, पण ‘चहा हवा’ सांगताना धडपडतात. ‘कपाट’चे एकदा ‘पकाट’ होते, पुढच्या वेळी आणखी काही. चूक झाल्याचे त्यांना कळते, ते पुन्हा प्रयत्न करतात आणि चिडतात. हे नाटक नाही आणि हट्टही नाही.

घरच्यांनी काय करावे?

वाचा अचानक गेली तर जॉन्सन यांच्यासारखे पुन्हा झोपू नये. तासाभरात आपोआप बरे वाटले तरी लगेच मोठ्या रुग्णालयात जावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्या काळी डॉक्टर हेबर्डन आणि ब्रॉकल्सबी यांच्याकडे पाठीवर आणि कानापासून गळ्यापर्यंत फोड आणणारे लेप लावण्यापलीकडे फारसे काही नव्हते. बोलणे महिनोन्‌महिने हळूहळू बिघडत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

पुढचे काम स्पीच थेरपिस्टचे. तेच शब्द, समोर बसून, ओठांची हालचाल दाखवत, ताल धरून पुन्हा पुन्हा म्हणून घेतात. घरी टीव्ही बंद ठेवावा, हो-नाहीत उत्तर देता येईल असे विचारावे, पाटी-पेन्सिल किंवा मोबाइलवरची चित्रे हाताशी ठेवावीत. मुख्य म्हणजे वाक्य त्यांच्याऐवजी आपण पुरे करू नये आणि लहान मुलाशी बोलावे तसे बोलू नये. ऐकू येत असताना कानाशी ओरडणे तर नकोच.

जॉन्सन काही आठवड्यांत पुन्हा बोलू लागले. जुलैत मित्राकडे रॉचेस्टरला राहून आले. डिसेंबरमध्ये तर त्यांनी एसेक्स हेड नावाच्या मद्यगृहात गप्पांचा नवा क्लबच काढला. आठवड्यातून तीन बैठका आणि गैरहजर राहणाऱ्याला दोन पेन्स दंड. वर्षभराने, १३ डिसेंबर १७८४ रोजी त्यांचे निधन झाले.