दुधाला न्याय देणारे शास्त्रज्ञ : स्टीफन बॅबकॉक

तुमच्यापैकी काहीजण सकाळी डेअरीवर दूध घालायला जात असतील. तिथे आज फॅट किती लागली, ही चौकशी रोजच कानावर पडते. दुधाचा भाव नुसत्या लिटरवर नव्हे, तर त्यातील स्निग्धांशावर ठरतो. १८९० पूर्वी मात्र अशी सोय नव्हती. ती ज्यांच्यामुळे सामान्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचली, त्या स्टीफन मोल्टन बॅबकॉक यांची ही ओळख.

बॅबकॉक यांचा जन्म २२ ऑक्टोबर १८४३ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, ब्रिजवॉटर गावाजवळ झाला. रसायनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीला गेले आणि १८७९ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतले. न्यूयॉर्क राज्यातील कृषी संशोधन केंद्रात काही वर्षे काम केल्यावर ते विस्कॉन्सिन विद्यापीठात कृषी रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या काळी लोणी आणि चीजचे कारखाने दूध वजनावर विकत घेत. त्यामुळे दुधात पाणी घालणाऱ्याचे किंवा साय काढून दूध देणाऱ्याचे फावत असे, आणि कसदार दूध आणणारा प्रामाणिक शेतकरी मागे पडे. लबाडी कळत होती, पण सिद्ध करायची कशी? अचूक तपासणीसाठी प्रयोगशाळा आणि जाणकार रसायनतज्ज्ञ लागे. कारखान्यातल्या साध्या माणसालाही जमेल अशी परीक्षा शोधण्याचे काम कृषी विभागाचे प्रमुख विल्यम हेन्री यांनी बॅबकॉक यांच्यावर सोपवले.

बॅबकॉक यांची युक्ती सोपी होती. लांब, अरुंद मानेच्या बाटलीत ठरावीक दूध घ्यायचे आणि त्यात साधारण तेवढेच तीव्र गंधकाम्ल घालायचे. आम्लामुळे स्निग्धांशाखेरीज दुधातले इतर घन पदार्थ विरघळतात. मग बाटली यंत्रात गरगर फिरवून गरम पाणी घातले की हलका स्निग्धांश वर मानेत चढतो. मानेवरच्या खुणा वाचल्या की टक्केवारी मिळाली!

विद्यापीठाच्या गोठ्यातील जवळजवळ सर्व गाईंच्या दुधावर परीक्षा बरोबर उतरली. फक्त सिल्व्हिया नावाच्या एका गाईचे उत्तर चुकत होते, असे सांगतात. एका गाईसाठी कशाला थांबायचे, असे इतरांना वाटले. पण तिच्या मालकावर अन्याय करणारी परीक्षा बॅबकॉक यांना मान्य नव्हती. दोष दूर झाल्यावरच, १८९० मध्ये, त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिचे पेटंट मात्र घेतले नाही. लाखो डॉलर मिळवून देऊ शकणारा शोध त्यांनी सर्वांना मोकळा करून दिला.

पाणी घालण्यातला फायदाच संपला. शिवाय आपली कोणती गाय खरोखर कसदार दूध देते, हे शेतकऱ्याला कळू लागले आणि चांगली जनावरे निवडून जोपासणे शक्य झाले. याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये गर्बर यांनीही याच तत्त्वावरची पद्धत काढली. भारतातील डेअऱ्यांत तीच अधिक रुजली. आता अनेक संकलन केंद्रांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली आहेत. तरी फॅट मोजूनच भाव देण्याची रीत कायम आहे.

मोजमापात एवढे नाव मिळवूनही मोजमापाने सारे कळते असे बॅबकॉक यांनी मानले नाही. प्रथिने आणि ऊर्जा कागदावर सारखी असली की कोणतेही खाद्य सारखेच, असे तेव्हाचे तज्ज्ञ म्हणत. बॅबकॉक यांना ते पटत नव्हते. त्यांच्या पहिल्या छोट्या प्रयोगात एक गाय दगावली आणि तो बंद करावा लागला. पुढे १९०७ ते १९११ या काळात त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १६ कालवडींवर मोठा प्रयोग केला. चार गट पाडून एकाला फक्त मका, दुसऱ्याला गहू, तिसऱ्याला ओट आणि चौथ्याला तिन्हींचे मिश्रण दिले. दाणा आणि वैरण त्याच पिकाची. रासायनिक हिशेब चारही ठिकाणी सारखा.

निकाल मात्र सारखा आला नाही. मक्यावरच्या कालवडी तुकतुकीत राहिल्या, त्यांची वासरेही सशक्त निघाली. गव्हावरच्या कालवडी खंगल्या, त्यांची दृष्टी गेली, वासरे मेलेली जन्मली किंवा लवकर दगावली. त्यांचे दूधही मक्याच्या गटाच्या जेमतेम एक तृतीयांश भरले. खाद्यात तराजूला न सापडणारे काहीतरी होते. त्या प्रयोगात काम केलेले मॅकॉलम यांनी मार्गेरीट डेव्हिस यांच्या साथीने १९१३ मध्ये लोण्यातील एक आवश्यक घटक शोधला. तोच पुढे 'अ' जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला. गोठ्यातला प्रश्न माणसाच्या ताटापर्यंत पोहोचला!

त्याच वर्षी बॅबकॉक निवृत्त झाले, तरी संशोधन त्यांनी सोडले नाही. १९३१ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एका गाईचे उत्तर चुकते म्हणून थांबणारा आणि सर्वांचे उत्तर जुळत असतानाही शंका घेणारा हा शास्त्रज्ञ होता. गणिताच्या वहीत उत्तर बरोबर आले तरी ते कसे आले, हे पुन्हा पडताळताना त्यांची आठवण जरूर ठेवा.